हायब्रिड गाडीचे दोन ब्रेक आणि चालकाचा पाय

आपल्या संस्थेच्या सभासदांत वाहन चालविण्याचा किंवा वाहनदुरुस्तीचा व्यवसाय करणारे पुष्कळ जण आहेत. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक ट्रेडला जाणारी मुलेही दरवर्षी असतातच. म्हणून या स्मरणिकेत एखादा लेख ब्रेकसारख्या रोजच्या वापरातील विषयावर असावा असे आम्हांस वाटले. विषय सुचण्याचे निमित्त मात्र एका घडलेल्या प्रसंगाचे आहे, आणि तो प्रसंग आधी सांगितल्याशिवाय पुढील माहितीचे महत्त्व ध्यानात यावयाचे नाही.

आमच्या परिचयाचे एक वाहनचालक आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. ट्रक, जीप, डिझेलच्या मोटारी असे सारे प्रकार त्यांनी पंचवीस वर्षे चालविले. २०२३ साली त्यांच्या मालकांनी जुनी डिझेल गाडी विकून नवी पेट्रोल हायब्रिड गाडी घेतली आणि किल्ली मामांच्या हातात दिली. क्लच नाही, गिअर टाकावयाचे नाहीत, आवाज नाही, एवढेच त्यांना सांगण्यात आले. तीन आठवडे गाडी छान चालली. जुलैमधील एका संध्याकाळी पाऊस पडत होता. पुढे सिग्नलला वाहने थांबलेली, मामांची गाडी ताशी पंचवीसच्या वेगात, आणि त्यांनी नेहमीप्रमाणे ब्रेकवर हलका पाय ठेवलेला. तेवढ्यात पुढचे चाक उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या खड्ड्यात गेले. त्या क्षणी काय झाले ते त्यांच्याच शब्दांत सांगावयाचे तर, "ब्रेक लागलेला होता, आणि मधेच कुणीतरी तो काढून घेतला." जुन्या सवयीने त्यांनी पाय उचलून पेडल पुन्हा दाबले. गाडी थांबली, पण पुढच्या रिक्षाला लागून. कोणालाही इजा झाली नाही. बंपर आणि रिक्षाचा मागचा पत्रा एवढेच नुकसान झाले.

सर्व्हिस सेंटरमध्ये संगणक जोडून तपासणी झाली. ब्रेकमध्ये कसलाही दोष आढळला नाही. गाडीत दोष नाही, तेव्हा दोष चालकाचा, असा हिशेब होऊन झालेला खर्च मामांच्या पगारातून वळता करण्यात आला. पैशापेक्षा त्यांच्या मनाला दुसरीच गोष्ट लागली. ते आम्हांला म्हणाले, "पंचवीस वर्षांत माझा पाय कधी खोटं बोलला नाही. आता लोक म्हणतात, मामा म्हातारे झाले." आम्ही वर्कशॉपात काम केलेली माणसे. मामांचा पाय खोटे बोलत नव्हता आणि संगणकही खोटे बोलत नव्हता, हे आम्हांस त्याच दिवशी कळले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, ते येथे सांगतो.

आधी आपल्या ओळखीचा ब्रेक घेऊ. साध्या मोटारीत पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो आणि ब्रेक ऑईलवर दाब येतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा शाळेत शिकलेला पास्कलचा नियम. नळ्यांतून तो दाब चारही चाकांपाशी जातो, पॅड डिस्कवर किंवा लायनर ड्रमवर घासतात आणि गाडीची गती उष्णतेत रूपांतरित होऊन वाया जाते. घाट उतरून आलेल्या गाडीच्या चाकाजवळ हात नेला तर ही उष्णता जाणवते. नुसत्या पायाच्या जोराने एवढी वजनदार गाडी थांबविणे कठीण, म्हणून इंजिनाच्या ओढीतून मिळणाऱ्या निर्वात पोकळीवर चालणारा बूस्टर मदतीला असतो. इंजिन बंद असताना दोन-तीनदा ब्रेक दाबला की पेडल दगडासारखे होते, हा अनुभव प्रत्येक चालकाला आहे. बूस्टरमधील पोकळी संपते, हे त्याचे कारण.

या रचनेत चालकाच्या दृष्टीने एक मोठी सोय आहे. पेडल आणि चाक यांच्यामध्ये तेलाचा अखंड खांब आहे. पाय जितका जोर लावतो, तितकाच चाकाकडून उलट जोर पायाला मिळतो. नळीत हवा शिरली तर पेडल स्पंजासारखे लागते. ऑईल तापून उकळू लागले तर पेडल खाली जाते. एबीएस काम करू लागले तर तळव्याला थरथर जाणवते. मुरलेला मेकॅनिक गाडीत बसून नुसते पेडल दाबून अर्धे निदान सांगतो, ते यामुळेच.

आता दुसरा ब्रेक. याला रिजनरेटिव्ह ब्रेक म्हणतात, म्हणजे वाया जाणारी ऊर्जा परत मिळविणारा ब्रेक. आमच्या पिढीने सायकलचा डायनॅमो वापरला आहे. डायनॅमो टायरला टेकविला की दिवा लागे आणि सायकल जड होई. ती जड का होई? तर दिव्यासाठी लागणारी वीज आपल्या पायांच्या कष्टातून निघत असे. हायब्रिड गाडीत हेच मोठ्या प्रमाणावर घडते. गाडीला ढकलणारी विजेची मोटर, पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर आला की जनरेटर बनते. चाके तिला फिरवितात, ती वीज निर्माण करून बॅटरीत भरते, आणि त्या श्रमाने चाकांचा वेग कमी होतो. येथे काही घासत नाही, काही तापत नाही, आवाजही जवळपास नाही. डायनॅमोची आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. दिव्याची वायर तुटली की सायकल एकदम हलकी होत असे. वीज घेणारा कोणी नसेल तर हा ब्रेकही नसतो. पुढे घाटाचा विषय येईल तेव्हा ही गोष्ट उपयोगी पडेल.

या ब्रेकने किती ऊर्जा परत मिळते याचा थोडा हिशेब करू. १४०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल तर तिच्या गतीत सुमारे १ लाख ९४ हजार जूल ऊर्जा असते. विजेच्या भाषेत हे साधारण ५४ वॅट-तास झाले, म्हणजे ९ वॅटचा एक एलईडी दिवा सहा तास जळेल इतके. सर्वच परत मिळत नाही, वाटेत काही भाग गळतो. तरी शहरात दिवसातून शेकडो वेळा थांबणाऱ्या गाडीला हा फायदा मोठाच होय. गर्दीच्या रस्त्यावर हायब्रिड गाडी चांगले ॲव्हरेज देते, त्याच्या प्रमुख कारणांपैकी हे एक आहे.

परंतु खरी अडचण किती ऊर्जा मिळते यात नसून ती किती वेळात घ्यावयाची यात आहे. वरील गाडी सावकाश, पंधरा सेकंदांत थांबविली, तर ब्रेक लावताना सुरुवातीस सुमारे २६ किलोवॅट इतकी शक्ती शोषून घ्यावी लागते. तीच गाडी चार सेकंदांत थांबवावयाची झाली तर हा आकडा ९७ किलोवॅटच्या घरात जातो. टोयोटा कंपनीने प्रियस ही हायब्रिड गाडी डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आणली. तिच्या २००९ सालच्या तिसऱ्या पिढीतील बॅटरीची शक्ती २७ किलोवॅट होती. वीज घेण्याची क्षमताही त्याच सुमारास धरली, तर हळू थांबताना जवळजवळ सगळे काम मोटर करू शकेल, पण एकाएकी थांबावे लागले तर सुरुवातीस तिच्याकडून फार तर चौथा हिस्सा होईल. बाकीचे काम पॅड आणि डिस्क यांनाच करावे लागणार. म्हणून हायब्रिड गाडीत हायड्रॉलिक ब्रेक पूर्ण ताकदीचा ठेवावाच लागतो, आणि दोन्ही ब्रेकांची सांगड घालण्याचे काम संगणकाकडे जाते.

ही सांगड कशी घातली जाते ते पाहू. प्रियससारख्या गाडीत, सर्व काही ठीक असताना, चालकाचे पेडल चाकांना थेट जोडलेले नसते. पेडलाखाली स्प्रिंग असलेली एक बनावट रचना असते. ती पायाला खऱ्या ब्रेकसारखा प्रतिकार देते. पेडल किती सरकले आणि किती जोराने दाबले, हे सेन्सर संगणकाला कळवितात. संगणक मनाशी म्हणतो, चालकाला एवढा ब्रेक हवा आहे, त्यातला मोटर आत्ता एवढा देऊ शकते, उरलेला ऑईलच्या दाबाने द्या. तो दाब विजेच्या पंपाने आधीच साठवून ठेवलेला असतो, कारण इंजिन वारंवार बंद होणाऱ्या गाडीत निर्वात बूस्टरवर भरवसा ठेवता येत नाही. सारांश, आपण पेडल दाबतो तेव्हा ती एक मागणी असते. ती कोणी किती पुरवावयाची हे दर क्षणाला नव्याने ठरत असते. वीजव्यवस्था बिघडली तर झडपा आपोआप जुन्या मार्गाने उघडतात आणि पायाचा दाब सरळ चाकांकडे जातो. मग पेडल जड लागते, खोल जाते, पण गाडी थांबते. ही तजवीज नसती तर आम्ही स्वतः अशा गाडीत बसलो नसतो!

येथे एक खुलासा केला पाहिजे. हायब्रिड म्हणून विकली जाणारी प्रत्येक गाडी अशी नसते. काही गाड्यांत पट्ट्यावर चालणारी लहान मोटर असते. पाय ॲक्सिलरेटरवरून काढल्यावर ती थोडी वीज भरून घेते, आणि ब्रेकचे पेडल मात्र साध्या गाडीचेच असते. आमचा लेख आहे तो ज्यांना बाजारात स्ट्राँग हायब्रिड म्हणतात त्या गाड्यांबद्दल.

दोन्ही ब्रेक मिळून सारखाच परिणाम देत असतील तर पायाला फरक का जाणवावा? याचे पहिले कारण असे की मोटरचा ब्रेक किती लागला हे संगणकाला विजेच्या प्रवाहावरून नेमके कळते. पॅडचा ब्रेक किती लागला हे मात्र त्याला दाबावरून अंदाजानेच धरावे लागते. पॅड थंड आहे की गरम, ओला आहे की कोरडा, डिस्कवर गंज चढला आहे काय, यांवर घर्षण बदलते. हायब्रिड गाडीत पॅड कमी वापरले जातात, त्यामुळे ते झिजत नाहीत ही आनंदाची गोष्ट, पण वापर नसल्याने डिस्कवर गंज राहतो ही तिचीच दुसरी बाजू. पावसाळ्यात कोकणात चार दिवस उभी राहिलेली गाडी काढा. पहिल्या एक-दोन ब्रेकना ती खरखर करते आणि अपेक्षेपेक्षा जास्त धरते. संगणकाने हिशेबाने एवढाच दाब दिलेला असतो, पण प्रत्यक्षात चाकावर निराळेच काही घडते.

दुसरे कारण शेवटच्या काही मीटरांतले. गाडी अगदी हळू झाली की मोटरकडून वीज काढणे परवडत नाही. साधारण ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, कोठे थोडे वर तर कोठे खाली, मोटर आपला हिस्सा सोडू लागते आणि पॅड तो उचलतात. एकाच्या डोक्यावरील टोपली दुसऱ्याने घ्यावी तसे हे आहे. हात नीट जुळले तर कळतही नाही, आणि एकाने क्षणभर लवकर सोडली तर हिसका बसतो. नव्या गाड्यांत हे हस्तांतर बरेच सफाईने होते. पण थांबता थांबता गाडी किंचित पुढे सरकल्याचा किंवा शेवटी एकदम धरल्याचा भास अनेक चालकांना होतो, तो येथेच.

मुंबईच्या लोकलने प्रवास करणाऱ्यांना याचा नमुना रोज मिळतो. सिमेन्सच्या विद्युत यंत्रणेच्या ज्या गाड्या २००७ पासून उपनगरी मार्गावर आल्या, त्यांत मोटरींचा ब्रेक ऊर्जा वरच्या तारेत परत पाठवितो, आणि फलाटाशी अखेरचे थांबणे हवेच्या ब्रेकने होते. दारात उभा असलेला माणूस त्या शेवटच्या धक्क्यासाठी दांडा घट्ट धरतो, तो सवयीने. लोकलच्या प्रवाशाला ही सवय आपोआप लागली. मोटारीच्या चालकाला मात्र ती लावून घ्यावी लागते.

आता मामांच्या खड्ड्याकडे येऊ. चाक खड्ड्यात किंवा उंचवट्यावरून उडाले की क्षणभर त्याचा रस्त्यावरील भार कमी होतो. ब्रेक लागलेला असल्याने ते चाक घसरू लागते. एबीएसला ही घसरण दिसते. एबीएसचे काम प्रत्येक चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे आणि फार झपाट्याने सोडणे-धरणे हे आहे. मोटर मात्र डिफरन्शियलमधून पुढच्या दोन्ही चाकांना एकत्र बांधलेली, शिवाय तिचा फिरणारा भाग वजनदार. एकाच चाकाचा ब्रेक सोडणे तिला जमत नाही. म्हणून संगणक मोटरचा ब्रेक काढून घेतो आणि सर्व काम ऑईलच्या ब्रेककडे सोपवितो. हा बदल सेकंदाच्या लहानशा भागात होतो. पण हलक्या ब्रेकमध्ये तोवर जवळजवळ सगळे काम मोटरच करीत असल्यामुळे, पायाला असे वाटते की लागलेला ब्रेक सुटला. त्यातच पेडलाखालची स्प्रिंग बनावट असल्याने काही गाड्यांत पेडलातून याची काहीच खबर येत नाही. साध्या गाडीत निदान थरथर तरी झाली असती.

हे आम्ही कल्पनेने सांगत नाही. २००९ साली आलेल्या प्रियसबद्दल जपान आणि अमेरिकेत नेमकी हीच तक्रार झाली. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर, कमी वेगात, हलका ब्रेक लावलेला असताना एबीएस चालू झाले की ब्रेक क्षणभर कमी झाल्यासारखा वाटतो, असे शेकडो चालकांनी कळविले. अमेरिकन सरकारच्या रस्ता सुरक्षा विभागाने फेब्रुवारी २०१० मध्ये चौकशी सुरू केली, आणि त्याच महिन्यात टोयोटाने प्रियस व तिच्या जोडीच्या हायब्रिड मॉडेलांच्या जगभरातील सुमारे ४ लाख ३७ हजार गाड्या परत बोलाविल्या. विशेष हे की दुरुस्तीत एकही सुटा भाग बदलावा लागला नाही. एबीएसच्या संगणकातील प्रोग्रॅम बदलण्यात आला. त्याच सुमारास फोर्ड कंपनीनेही आपल्या फ्यूजन हायब्रिड व मर्क्युरी मिलान हायब्रिड या सुमारे १७ हजार ६०० गाड्यांसाठी प्रोग्रॅम बदलून देण्याचे जाहीर केले. कंपनीचे म्हणणे असे होते की गाडीचा हायड्रॉलिक ब्रेक पूर्ण शाबूत आहे, पण रिजनरेटिव्हकडून हायड्रॉलिककडे बदल होताना पेडल निराळे लागते आणि चालकाला ब्रेक गेल्याचा समज होतो.

आमच्या मते या दोन्ही घटनांतून मोठमोठ्या कंपन्यांनी एक गोष्ट मान्य केली, ती म्हणजे पायाला काय वाटते हाही ब्रेकच्या चांगल्या-वाईटाचाच भाग आहे. ब्रेक कागदावर बरोबर असून भागत नाही. कारण ब्रेक गेला असे वाटले की माणूस काय करतो? जुना चालक पाय उचलून पुन्हा दाबतो, 'पंप' मारतो. ऑईल कमी झालेल्या किंवा हवा धरलेल्या जुन्या गाडीत पंप मारल्याने खरोखर दाब तयार होत असे, म्हणून ही सवय त्या काळी शहाणपणाची होती. हायब्रिड गाडीत पाय उचलणे म्हणजे मागणीच मागे घेणे. ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे सात मीटर जाते. पाय उचलून परत दाबण्यात अर्धा सेकंद गेला तर साडेतीन मीटर गेले. मामा आणि ती रिक्षा यांच्यात अंतर तेवढेही नव्हते. अशा वेळी पाय न उचलता तसाच आणखी जोराने दाबला पाहिजे. हायड्रॉलिक ब्रेक तेथे हजर असतोच, त्याला फक्त मोठी मागणी पोहोचवावी लागते. टोयोटाने २०१० साली आपल्या ग्राहकांना हेच सांगितले होते.

एका रविवारी सकाळी मामांना घेऊन आम्ही रहदारी नसलेल्या रस्त्यावर गेलो. डॅशबोर्डवरील ऊर्जेच्या चित्राकडे आमच्यातील एकाने लक्ष ठेवले आणि मामांनी गाडी चालविली. ताशी चाळीसवरून हलका ब्रेक लावला की बाण चाकाकडून बॅटरीकडे वळलेला दिसे, आणि गाडी जवळजवळ थांबता थांबता तो नाहीसा होई. नंतर रस्त्याच्या कडेला बारीक खडी होती, तेथे डावी चाके घेऊन तसाच हलका ब्रेक लावला. बाण एकदम गेला, गाडी हातभर सरकल्यासारखी वाटली, आणि मग ब्रेकने धरले. मामा म्हणाले, "हेच! हेच झालं होतं." दुसऱ्या वेळी त्यांनी पाय तसाच खाली रेटला आणि गाडी जागच्या जागी थांबली. असे दहा-बारा वेळा झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला.

घाटातील चालकांसाठी वेगळी गोष्ट सांगितली पाहिजे. माणसे धरून १६०० किलोची गाडी ३०० मीटर उंची उतरली तर तिच्यातून सुमारे १.३ युनिट ऊर्जा मोकळी होते. इगतपुरीहून कसारा उतरणाऱ्यांनी हा आकडा आपल्या रोजच्या वाटेशी ताडून पाहावा. तिसऱ्या प्रियसची अख्खी बॅटरीच १.३ युनिटची होती, आणि आयुष्य टिकावे म्हणून संगणक त्यातला मधलाच काही भाग वापरू देतो. वाऱ्याच्या आणि टायरच्या विरोधात बरीच ऊर्जा गेली तरी लांब उतारावर बॅटरी वाटेतच भरते. मग डायनॅमोची वायर तुटल्यासारखी स्थिती होते. वीज घ्यायला कोणी नाही, म्हणून मोटरचा ब्रेक कमी होतो आणि पॅडवर भार येतो. काही गाड्या अशा वेळी पेट्रोल न जाळता इंजिन नुसते फिरवून जादा वीज खर्च करतात. उतारावर इंजिन एकाएकी घरघरू लागले की चालक घाबरतो, पण गाडी तेव्हा इंजिनाचा ब्रेक लावीत असते. ज्या गाड्यांच्या गिअरदांड्यावर 'बी' अशी खूण आहे, त्यांत उताराच्या माथ्यावरच 'बी' घ्यावा. जुन्या गाडीत आपण घाट उतरताना दुसरा-तिसरा गिअर टाकीत असू, त्याचेच हे नवे रूप आहे.

आता थोडे फिटर आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांसाठी. पेडलाला स्प्रिंग असलेल्या गाडीत नुसते पेडल दाबून नळीतली हवा किंवा ऑईलची स्थिती ओळखण्याची कला पुरेशी राहत नाही. बनावट प्रतिकार दोष झाकून ठेवू शकतो. म्हणून ब्रेकचा इशारा देणारा दिवा दुर्लक्षित करू नये, आणि कंपनीने सांगितलेल्या मुदतीत ऑईल बदलावे. ब्रेक ऑईल हवेतील ओल शोषते, आणि ओल शोषलेले ऑईल लवकर उकळते. पॅड झिजलेले नाहीत म्हणून चाक उघडायचेच नाही असे करू नये. कॅलिपरच्या पिना वापराअभावी अडकतात, त्या साफ करून ग्रीस कराव्या. आणखी एक गोष्ट जिवाशी संबंध असलेली. अशा काही गाड्यांत चालकाचा दरवाजा उघडताच ब्रेकचा पंप आपोआप चालू होतो आणि नळ्यांत मोठा दाब तयार होतो. कॅलिपर उघडलेला आणि बोट आत, अशा वेळी कोणी सहज दरवाजा उघडला तर काय होईल याची कल्पना करावी. कंपनीच्या पुस्तकातील पद्धतीने यंत्रणा बंद केल्याशिवाय हात घालू नये. हवा काढण्यासाठीही अनेक गाड्यांत संगणकाचे यंत्र जोडावे लागते, एकाने पेडल मारावे आणि दुसऱ्याने निपल सोडावे ही जुनी जोडी तेथे चालत नाही. नारिंगी रंगाच्या जाड वायरींना तर प्रशिक्षणाशिवाय स्पर्शही करू नये.

मामांच्या मालकांना आम्ही हे सर्व दोन पाने लिहून दिले. त्यांनी ते वाचले, सर्व्हिस सेंटरला फोन केला, आणि गाडीच्या संगणकात नवीन प्रोग्रॅम उपलब्ध आहे काय याची चौकशी केली. पगारातून कापलेले पैसे परत मिळाले नाहीत. परंतु त्यांच्याकडे आता अशा तीन गाड्या आहेत, आणि नवीन चालक लागला की मालक किल्ली देण्यापूर्वी म्हणतात, "आधी एक सकाळ मामांबरोबर जाऊन ये." मामा त्याला त्याच खडीच्या रस्त्यावर नेतात. आधी काही सांगत नाहीत, नुसता हलका ब्रेक लावायला लावतात. गाडी हातभर सरकली आणि मुलाचा पाय वर आला की ते म्हणतात, "उचललास ना? आता परत घे, आणि या वेळी पाय खालीच ठेव."